जातीनं हजर

बेलिफानं समन्स आणलं तेव्हा मी दुकानात छपराचे पत्रे मोजून देत होतो. मीच सही करायला पुढं झालो, तर तो म्हणाला, "बाईंच्या नावानं हाय. त्यांनाच बोलवा." दुकान आणि मागचं घर माझ्या वडिलांनी सुनेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या नावावर करून दिलं होतं. ती कणकेचे हात धुऊन आली, समन्स उलटसुलट वाचलं आणि मग सही केली.

दावा शेजारच्या मामांनी लावला होता. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते, पण लहानपणापासून आम्ही त्यांना मामाच म्हणत आलो. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामधून एक बोळ जातो. तो बोळ त्यांच्या एकट्याच्या वहिवाटीचा आहे, बोळात उघडणारं आमचं मागचं दार आम्ही अलीकडं नव्यानं केलं आहे, ते बंद करावं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या पुण्यातल्या मुलाला तिथं गाडी लावायला जागा हवी होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

मी तालुक्याच्या गावी वकील बघायला गेलो. ओळखीचे दोनच. एकानं मामांचंच वकीलपत्र घेतलं होतं. दुसरे पोरीच्या लग्नात गुंतलेले. लग्न उरकल्यावर या म्हणाले. घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "तवर मुदत संपल. तीस दिवसांत कैफियत, म्हंजी लेखी उत्तर, द्या म्हणून लिवलंय." मग तिनं समन्सवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "जातीने अगर वकिलामार्फत हजर राहावे. जातीनं म्हंजी आपण स्वतःच ना?"

"अगं, पण आपल्याला कोर्टातलं काय कळतंय?"

"वाचलं की कळंल. मराठीतच असंल ना कायदा."

दुसऱ्या दिवशी आम्ही बीडला गेलो आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं मराठी पुस्तक घेऊन आलो. परतताना मांजरसुंब्याला एसटी थांबली, लोक चहाला उतरले. ही खिडकीशी बसून वाचतच राहिली. तिचं शिक्षण परळीला बारावीपर्यंत झालेलं. पुढचे कित्येक दिवस स्वयंपाक उरकला की ती पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसायची. एकेक वाक्य दोनदा वाचायची, अडलं की पुढचं वाचून पुन्हा मागं यायची. मला तिची ही बाजू तोवर ठाऊकच नव्हती.

कैफियत लिहायला बसली तेव्हा आमचं वाजलं. मी म्हणालो, "एका ओळीत लिही. सगळं खोटं हाय, कबूल न्हाई."

"तसं चालत न्हाई. त्यांच्या एकेका परिच्छेदाला येगळं उत्तर द्यावं लागतं. ज्याला उत्तर दिलं न्हाई, ते आपण मान्य केल्यासारखं धरतेत."

दाव्यात एका ठिकाणी लिहिलं होतं की, मामांच्या मयत पत्नीनं बोळात लिंब लावला आणि बोळाची झाडलोट कायम त्याच करत. तिनं त्यापुढं लिहिलं, "हे खरे आहे."

मी चिडलो. "कावून कबूल करतीस? त्यांच्या बाजूचं हाय ते."

"मामी रोज झाडायच्या. मी बघितलंय. सही माझी हाय खाली."

शेवटी सत्यापन लिहायचं होतं. कैफियतीतलं कोणतं आपल्याला स्वतःला माहीत आहे आणि कोणतं ऐकीव माहितीवरून खरं वाटतं, हे त्यात वेगळं सांगायचं असतं. मागचं दार सासऱ्यांनी घर बांधतानाच ठेवलं होतं, हे तिनं ऐकीव म्हणून लिहिलं, कारण तेव्हा ती या घरात आलीच नव्हती. लग्न होऊन आल्यापासून ते दार रोज वापरलं, हे स्वतःच्या माहितीतलं. मी शेजारी बसून बघत होतो आणि माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. आपल्याच फायद्याचं लिहितानाही एवढं तोलून लिहिणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

कैफियत मुदतीत दाखल झाली. तारखा पडत गेल्या. न्यायाधीश बाईंनी तिला वकील देणार का म्हणून विचारलं; कोर्टाकडून मोफत वकील मिळू शकतो हेही सांगितलं. ती म्हणाली, "गरज पडली तर अर्ज करीन, साहेब. सध्या जमतंय."

मग मामांच्या उलटतपासाचा दिवस आला. मामा पिंजऱ्यात उभे राहिले, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांचे वकील निवांत बसले होते. ही उठली. तिचा आवाज घरी असतो तेवढाच होता.

"मामा, मामींना दवाखान्यात न्हेलं, त्या दिवशी तुमच्या दारापुढं नालीसाठी खांदलं होतं. रिक्षा कुठं उभी होती?"

"तुमच्या दुकानापुढं."

"मामींना रिक्षापर्यंत कसं न्हेलं?"

त्यांच्या वकिलांनी मान वर केली. मामा खाली बघत म्हणाले, "खाटंवर घालून. बोळातनं, तुमच्या मागल्या दारानं. तूच पुढं झालती."

न्यायाधीश बाईंनी त्यांचे शब्द तसेच लिहून घ्यायला सांगितले. त्या गोष्टीला किती वर्षं झाली हे कुणी विचारायची गरज नव्हती. मामींच्या मृत्यूचा दाखला मामांनीच दाव्यासोबत जोडला होता आणि त्यावरच्या तारखेवरून दार तेव्हाही होतं हे उघड होतं. ती म्हणाली, "मला आणखी काही विचारायचं न्हाई," आणि खाली बसली. मला वाटत होतं, अजून चार प्रश्न विचारून तिनं त्यांना पुरतं गाठावं. नंतर मामांकडं बघितलं, तर ते उपरण्यानं डोळे पुसत होते.

पुढच्या तारखेला मामा स्वतःहून म्हणाले, तडजोड करायची. मुलाला त्यांनी काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही. बोळ दोघांच्या वहिवाटीचा, दार आहे तसं राहील, लिंब मामांचा, बोळात कुणी गाडी लावायची नाही, असं ठरलं. त्यांच्या वकिलांनी तडजोडीचा मसुदा टाईप करून आणला. सही करण्याआधी न्यायाधीश बाईंनी विचारलं, "आजोबा, मजकूर वाचून घेतला का?"

"चष्मा घरी राहिला, साहेब."

त्यांचे वकील कागद घ्यायला पुढं झाले. मामांनी त्यांना हातानं थांबवलं. "सूनबाईला वाचू द्या. ती हाय तेच वाचंल."

प्रतिवादीनं वादीला तडजोड वाचून दाखवली. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मध्ये थांबत, मामा मान हलवतील तेव्हाच पुढं जात वाचलं. लिंब कोणत्या घराचा, या ओळीत "उत्तरेकडील" ऐवजी "दक्षिणेकडील" पडलं होतं. ती चूक तशीच राहिली असती तर लिंब आमच्या नावावर लागला असता. ती थांबली आणि वकिलांना म्हणाली, "हे बदलून आणा. मामांची बाजू उत्तरंला हाय."