पारोळ्याच्या पुढे, क्लचशिवाय

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी माझी पोस्टिंग धुळ्याला झाली. गावाबाहेरच्या माळावर आमचा कॅम्प होता, थोडे तंबू आणि थोड्या पत्र्याच्या शेड्स. मी जामनेरकडचा. घरी कपाशी आणि एक बैलजोडी. सायकलसुद्धा मी भरती झाल्यावर शिकलो. सिग्नल सेक्शनमध्ये मला डिस्पॅच रायडर केलं, म्हणजे मोटरसायकलवरून निरोप पोचवणारा शिपाई.

शिकवायला नाईक सुकदेव होता. शिरपूर तालुक्यातला, तापीकाठचा. परेडवर आम्ही त्याला उस्ताद म्हणत असू, एरवी सुकदेवभाऊ. बोलणं कमी. सकाळी पीटी, मग गाड्यांची साफसफाई आणि तेलपाणी करायची मेंटेनन्स परेड, मग माळावर चकरा. नवा रायडर घाबरला की क्लच दाबतो. मीही तसाच. खड्डा आला, दाब क्लच. गुरं आडवी आली, दाब क्लच. सुकदेवभाऊ म्हणायचा, क्लचला लोंबकळू नकोस, गाडी थ्रॉटलवर चालते. मला ते कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

भाद्रपदातली गोष्ट. दक्षिणेकडच्या डोंगरांत दोन दिवस पाऊस कोसळत होता. धुळ्यात थेंब नव्हता, पण आभाळ खाली उतरलं होतं आणि पांझरेचं पाणी गढूळ झालं होतं. वारा पूर्ण पडलेला. कॅम्पमधली खेचरं सकाळपासून चारा खात नव्हती.

त्या सकाळी एक कॉन्व्हॉय भुसावळकडे निघाला. पुढच्या लॉऱ्यांत नव्या रंगरुटांची एक कंपनी, मागच्या लॉऱ्यांत सामान. लॉऱ्यांत वायरलेस नव्हता. कॉन्व्हॉय जाऊन बराच वेळ झाल्यावर तार आली. एरंडोलच्या अलीकडच्या नदीला पूर होता आणि पुलाचा मधला खांब सरकला होता. वरचा रस्ता जसाच्या तसा दिसत होता. खांब दिसला तो पलीकडच्या काठावरून, आणि तिकडच्या माणसांना अलीकडे येता येत नव्हतं. पारोळ्याची तारेची लाइन बंद पडलेली, म्हणून तार जळगाव आणि चाळीसगावकडून फिरून आमच्याकडे आली होती.

कॅप्टनसाहेबांनी एकच निरोप दोन कागदांवर लिहिला. एक सुकदेवभाऊला दिला, एक मला. दोन रायडर अंतर ठेवून जायचे, एक अडला तरी दुसरा पोचतो, असा नियम होता. कॉन्व्हॉय पुलावर चढण्याआधी गाठायचा, एवढीच ऑर्डर.

पारोळ्यापर्यंत काही झालं नाही. रस्त्यात आधीच्या पावसाचा चिखल होता आणि लॉऱ्यांच्या चाकांचे ताजे चर होते. गाव ओलांडल्यावर चढावर मी गिअर बदलायला गेलो आणि क्लचचा लिव्हर हातात सैल पडला. सरळ मुठीला जाऊन टेकला. गाडीने दोन झटके खाल्ले आणि बंद पडली.

सुकदेवभाऊने मागे वळून पाहिलं होतं. तो परत आला. केबल आत तुटली होती, लिव्हरजवळ नुसत्या तारांचा पिसारा उरला होता. स्पेअर केबल आमच्या स्टोअरमध्ये बरेच दिवस नव्हती. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मला वाटलं, तो म्हणेल, तू इथेच थांब.

"अशीच चालव," तो म्हणाला.

त्याने गाडी पुढेमागे हलवत पायाने न्यूट्रल शोधायला लावलं. किक मारून इंजिन चालू केलं. मग म्हणाला, हँडल धरून बाजूने पळ, गाडीला वेग आला की उडी मारून बस आणि पहिला गिअर टाक. वरचा गिअर टाकताना थ्रॉटल क्षणभर सोड, इंजिन हलकं झालं की पायाने ढकल, जोर करू नकोस. दोनदा गाडीने मला पाडलं. तिसऱ्यांदा गिअर खट् करून बसला आणि गाडी माझ्यासकट सुटली.

तो काही वेळ आपल्या गाडीवरून माझ्या बाजूने चालला आणि ओरडून म्हणाला, "थांबू नकोस. कोणी हात केला तरी थांबू नकोस. थांबलास की बंद पडेल." मग पुढे निघून गेला. वळणावर त्याची पाठ दिसली, नंतर दिसली नाही.

मी तसाच चाललो. डावा हात सारखा मेलेल्या लिव्हरवर जायचा. शेवटी मी डाव्या मुठीने हँडलच घट्ट आवळलं. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, पण शेतात माणूस नाही. एका वस्तीवरून गेलो, दारं बंद होती. लोक गुरं घेऊन उंच टेकाडावर जाऊन बसले होते आणि सगळे एकाच दिशेला पाहत होते. पाऊस अजून नव्हताच. तरी दूरवरून पाण्याचा आवाज येत होता, लॉरी लांबून येताना येतो तसा.

मग रस्त्यावर माणसं दिसली. चारपाच शेतकरी हात हलवत होते. सुकदेवभाऊचं बोलणं कानात होतं, म्हणून मी थ्रॉटल सोडला नाही. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने अंगावरची घोंगडी काढून रस्त्यात आडवी पसरली आणि तिच्यामागे उभा राहिला. गाडी अंगावर येतेय हे दिसत असून तो हलला नाही. असा माणूस उगाच उभा राहत नाही, एवढं मला कळलं. मी ब्रेक दाबला. गाडी घोंगडीवर येऊन बंद पडली.

"मोरी वाही गई, भाऊ," म्हातारा म्हणाला. "तुना गडी तठे पडना."

कॉन्व्हॉय पुढच्या ओढ्याच्या मोरीवरून, म्हणजे लहान पुलावरून, गेला होता. त्याच्या वजनाने म्हणा की पाण्याने, मोरी नंतर खचली. वरच्या मातीचं कवच तसंच राहिलं होतं. सुकदेवभाऊ त्याच्यावर गेला आणि खाली गेला. गाडी पाण्यात बुडाली, दिसतसुद्धा नव्हती. शेतकऱ्यांनी त्याला बाहेर काढून बांधावर निजवलं होतं. हँडल छातीत बसलं होतं. तोंडातून रक्त येत होतं, पण शुद्ध होती. मी खाली बसलो.

"कागद आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग बसलास कशाला?"

त्याने माझी बाही धरली. म्हणाला, "लॉऱ्यांच्या बाजूने ओरडू नकोस, ऐकू जात नाही. पहिलीच्या पुढे जा. गाडी आडवी घाल." आणि बाही सोडली.

वरच्या अंगाला शेतात पाणी पसरट होतं, गुडघ्याएवढं. शेतकऱ्यांनी दोन बांबू घातले आणि मोटरसायकल पालखीसारखी पलीकडे नेली. म्हातारा सुकदेवभाऊचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पाण्यापलीकडून मला म्हणाला, "तू जाय, भाऊ. आमी शेतस आठे." ते इथेच थांबणार होते.

न्यूट्रल, किक, पळणं, उडी. या वेळी गिअर पहिल्याच खेपेला पडला. मी मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पडलो असतो.

शेवटची लॉरी दिसली तेव्हा उतार लागला होता आणि खाली नदी होती. पाणी लाल आणि पुलाच्या कमानींना टेकलेलं. वरून पूल धडधाकट दिसत होता. मी लॉऱ्यांच्या उजव्या बाजूने निघालो. रंगरूट हसत हात हलवत होते, कोणीतरी शीळ घातली. पहिली लॉरी पुलाच्या तोंडाशी होती. मी तिच्या पुढे गेलो, हँडल वळवलं आणि ब्रेक दाबला. गाडी झटका खाऊन पडली, मी तिच्याखाली. लॉरीचं चाक माझ्या पायापासून हातभर अंतरावर थांबलं.

ड्रायव्हर शिव्या देत उतरला. मागून त्यांचे सुभेदारसाहेब आले. मी पडल्यापडल्याच कागद दिला. त्यांनी वाचला, पुलाकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सब गाडी पीछे."

लॉऱ्या चढावर मागे घेईपर्यंत दुपार कलली. मधला खांब आमच्या डोळ्यांदेखत गेला. फार मोठा आवाज झाला नाही. आधी कठडा वाकला, मग रस्ता खाली बसला आणि तिथे फक्त पाणी राहिलं.

सुभेदारसाहेबांनी एक लॉरी आणि स्ट्रेचर देऊन मला मोरीपर्यंत पाठवलं. शेतकरी तिथेच होते. म्हातारा तसाच बसलेला, मांडीवर डोकं. मला पाहून त्याने मान हलवली. सुकदेवभाऊच्या अंगावर घोंगडी होती. दुसऱ्या दिवशी पारोळ्याला नदीकाठी आम्ही त्याला अग्नी दिला.

दिवाळीच्या रजेत मी त्याच्या गावी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. मी झालं तसं सगळं सांगितलं, मी त्याला तिथे ठेवून पुढे गेलो हेही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"तो एकला व्हता का?"

मी म्हणालो, नाही आबा. त्याचं डोकं एका शेतकऱ्याच्या मांडीवर होतं.

मग त्यांनी त्या शेतकऱ्याचं गाव विचारलं, आणि संक्रांतीच्या आधी स्वतः तिकडे जाऊन येईन म्हणाले. ते गेले, असं मला पुढे कळलं.

त्या लॉऱ्यांतले रंगरूट ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले. काही परत आले. सुकदेव कोण, हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत असण्याचं कारण नाही. म्हणून इथे लिहितो: नाईक सुकदेव, डिस्पॅच रायडर, तापीकाठचा. कागद पोचला.