जुन्या बोअरचं पाणी

मार्थाबाईंनी पहिल्या दिवशी मला पेलाभर पाणी दिलं आणि विचारलं, “कसं लागलं?”

जामखेडच्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. देवळाली प्रवऱ्याहून एसटीत धूळ खात आलेला माणूस. घटाघटा प्यायलो आणि म्हणालो, “पाण्यासारखं.”

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या त्या ठेंगण्या बाईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मंग तुमाला अजून वेळ लागंल, सर,” म्हणाल्या आणि फ्लास्क धुवायला वळल्या. मला रागच आला. एम.एस्सी. होऊन आलो होतो, म्हटलं, ही कोण मला पाणी शिकवणार!

स्वतः त्या पाण्याचा घोट घेऊन डोळे मिटायच्या. घोट या गालातून त्या गालात फिरवायच्या, गिळायच्या, मग टाळूला जीभ लावून टक् असा आवाज काढायच्या. “नळाचं हाय, पन टाकी तळाला गेली,” किंवा “ह्याच्यात बोअरचं मिसळलंय,” असा निकाल द्यायच्या. आमच्या नळाच्या पाण्याने धुतलेला फ्लास्क वाळला की पांढरा दिसायचा, म्हणून शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा. ते त्या तुपासारखं जपून वापरायच्या. “काच खोटं बोलत न्हाई सर, धुनारा बोलतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गावच्या पाण्याने तोवर माझाही जीव खाल्ला होता. डोक्याला साबण चोळून हात दुखायचे, फेस काही यायचा नाही. गिझरची कॉइल दोनदा बदलली. मी साबणावर साबण बदलत होतो. मार्थाबाई म्हणाल्या, “साबनाला कशाला शिव्या देता? त्याला पानी सोबतीला मिळंना.”

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यानंतर मी या बाईंपुढे आवाज चढवणं कायमचं सोडलं.

मुलींच्या वसतिगृहात शकूबाई स्वयंपाक करायच्या. त्या वर्षी वरण रोज कच्चं राहू लागलं. एके दिवशी मुली ताटं घेऊन थेट प्राचार्यांच्या दारात उभ्या राहिल्या. शकूबाई कामचुकारपणा करतात असं ठरलं आणि महिनाअखेर दुसरी बाई बघायचं नक्की झालं. शकूबाईंचं घर त्या एका पगारावर चालत होतं. आमच्या व्हरांड्यात बसून त्या रडत होत्या. “शिट्ट्या मोजून मोजून कान किटले, पन डाळ टणक ती टणकच.”

मार्थाबाई उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन घोटभर पाणी पिऊन आल्या. “सर, शकूचा काई दोष न्हाई. हे नव्या बोअरचं पानी हाय, लई जड. ह्याच्यात डाळ फुटत न्हाई. जुन्या बोअरचं चालू करा म्हनावं.”

प्राचार्य म्हणाले, “जिभेवर कसं चालेल? लेखी अहवाल द्या.” मार्थाबाई दोन दिवस रजेवर होत्या. मी स्वयंपाकघरातल्या नळाची एक बाटली भरली, ती नव्या बोअरची. बागेतल्या नळाची दुसरी भरली, तो जुन्या बोअरवर आहे असं सगळेच समजत होते. प्रयोग साधा असतो. पाण्यात रंग टाकायचा, वरून थेंब थेंब द्रावण सोडायचं, लालाचा निळा झाला की थांबायचं. जितकं द्रावण जास्त लागेल तितकं पाणी जड. दोन्ही बाटल्यांना अगदी सारखं लागलं. ‘दोन्ही बोअरच्या पाण्यात फरक नाही,’ असं मी लिहून दिलं. खरं सांगायचं तर मार्थाबाई चुकल्या म्हणून जरा बरंही वाटलं. महिनाअखेर काम सोडा, असा शकूबाईंना निरोप गेला.

सोमवारी मार्थाबाई आल्या. मी अहवाल दाखवला. त्यांनी दोन्ही बाटल्या उचलल्या. प्रयोगशाळेत काही तोंडात घालू नये ही पाटी मीच लावलेली, म्हणून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि घरच्या पेल्यात ओतून एक घोट घेतला, मग दुसऱ्या बाटलीतला, पुन्हा पहिल्यातला.

“सर, तुमी दोनदा एकच पानी आनलंय.”

मी हसलो. पण हसू तोंडातच राहिलं. दोन वेगळे बोअर आणि आकडा थेंबाथेंबाने सारखा? हे मला आधी खटकायला हवं होतं. तडक बागेत गेलो. माळी म्हणाला, “व्हय की. जुन्या बोअरची मोटर जळली तवा बागंचा पाइप नव्या बोअरच्या टाकीला जोडला हुता. मोटर दुरुस्त झाली, पन पाइप तसाच हाय.”

जुनी मोटर चालू केली, गंजकं पाणी वाहू दिलं आणि बाटली भरली. फ्लास्क मार्थाबाईंनी स्वतः धुतला. मी थेंब सोडू लागलो. आधीच्या निम्म्यालाही पोचलो नाही तोच लाल रंग निळा झाला. हा रंग मी शेकडो वेळा बदलताना पाहिला होता, पण त्या दिवशी फ्लास्क उजेडाला धरून पुन्हा पुन्हा पाहिला. दहावी नापास बाईंच्या जिभेने माझ्या अहवालाआधी सगळं सांगून टाकलं होतं. त्या मात्र बाजूला उभ्या राहून फडकं पिळत होत्या.

मी प्राचार्यांकडून कागद परत घेतला आणि शकूबाईंसमोर चूक कबूल केली. वसतिगृहाला जुन्या बोअरचं पाणी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्या वाटीभर वरण घेऊन प्रयोगशाळेत आल्या. डाळ बोटात धरली की पीठ होत होती. त्यांची नोकरी राहिली.

त्यानंतर रोज सकाळी मार्थाबाई माझ्यापुढे पेला ठेवायच्या. “कसं लागलं?” वर्षानुवर्षं मी चुकत गेलो आणि हळूहळू शिकलो.

मग कोरोना आला. मार्थाबाई दवाखान्यातून घरी आल्या, पण तोंडाची चव परत आली नाही. त्या निवृत्त झाल्या. मला त्यांच्याकडे जायचा धीरच होईना. काय बोलणार होतो? गेल्या महिन्यात शेवटी गेलो. चर्चमागच्या त्यांच्या घरात त्यांनी दोन पेले भरले आणि एक माझ्या हातात दिला.

“कसं लागलं?”

मी डोळे मिटले, घोट या गालातून त्या गालात फिरवला. “हे आपल्या जुन्या बोअरचं आहे.”

त्या खुदकन हसल्या. “शकू रोज एक कॅन आनून देती. मला काई कळंना, म्हनलं वाटंतल्या नळावर भरती का काय. खरंच तिथलं हाय म्हनायचं.”

मग त्यांनी आपला पेला ओठाला लावला.

“सावकाश सांगा सर, कसं कसं लागतंय ते,” म्हणाल्या.

त्या एकेक घोट घेत होत्या आणि मी सांगत होतो. आधी गार, मग किंचित गोड, जिभेवर मागे काही न ठेवणारं.