तो येईपर्यंत बारसं नाही

आमची मुलगी जन्मली तेव्हा अमेरिकेतली निवडणूक नुकतीच आटोपली होती. मुलगी रत्नागिरीजवळ गावी, आणि मी ओमानमध्ये सोहारला, पाइपच्या कारखान्यात वेल्डिंग लाइनचा फोरमन. बाराव्या दिवशी मला पोचता येणार नव्हतं. म्हणून मीच घरी सांगितलं होतं, जरा थांबा, डिसेंबरात रजा आहे, पाळणा मी आल्यावर बांधा.

डिसेंबर लागायच्या आत सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. आमचे पाइप अमेरिकेला जायचे. नवा राष्ट्राध्यक्ष जानेवारीत शपथ घेणार, मग तिकडे तेलविहिरींची कामं धडाक्यात निघणार, ऑर्डरी येऊन आदळणार, अशी वरपासून खालपर्यंत सगळ्यांची खात्री. तेव्हा माणसं कमी पडायला नकोत. गंमत अशी की त्या घडीला हाताला काम नव्हतं. आम्ही थंड मशिनी पुसायचो, पुसलेल्या परत पुसायचो आणि कँटीनमधल्या टीव्हीसमोर जाऊन बसायचो. तो अजून खुर्चीवर बसला नव्हता, पण टीव्हीवर रोज येत होता. कुणाला मंत्री करणार, पहिल्या दिवशी कशावर सही करणार, कुठली लढाई थांबवणार. माझ्या खोलीतला एक जण ओमानमध्येच इब्री गावात दुकान चालवणाऱ्या भावाला फोनवर सांगायचा, "दुसरा गाळा आत्ता घेऊ नको. तो आला की बघू." हळूहळू मीही तेच बोलायला लागलो.

जानेवारीत एका संध्याकाळी बायकोने फोनवर विचारलं, "बारसं कधी?"

"तो आला की."

"तो कोण?"

"अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष."

ती म्हणाली, "पाळण्याची दोरी तो ओढणार आहे का?"

मी हसलो. ती हसली नाही. "पोरगी मान धरायला लागली. कुणी बाळी म्हणतं, कुणी ठकी. डोसाला नेली की नर्सबाई नाव विचारतात. काय सांगू त्यांना? नाव अमेरिकेतून यायचंय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला. आमचा ओमानी सुपरवायझर तो वाचून बराच वेळ हसला आणि सही करत हिंदीत म्हणाला, "आम्ही इन्शाल्ला म्हणतो ते अल्लाकडे बघून. हे लोक टीव्हीकडे बघून म्हणतात. यल्ला, जा."

दुसरी सही प्लांट मॅनेजरची. साहेब पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. आईला इकडे आणायचं त्यांनीही शपथविधीनंतरवर टाकलं होतं.

"अहो, आता पंधरवड्यावर आलंय," ते म्हणाले. "एवढं थांबलात, आताच कसली घाई?"

"साहेब, काम असतं तर एक शब्द बोललो नसतो. नुसती वाट बघायला मी कशाला हवा? ती तुम्ही बघा. मी गुरुवारी निघालो."

"परत फोरमन म्हणून घेतील असं मी सांगू शकत नाही."

"नका सांगू."

साहेबांनी अर्जावर 'बिनपगारी' असं लिहिलं आणि माझ्याकडे न बघता सही केली. मी बाहेर आलो तेव्हा लाइनवरचे दोघे दाराशी उभे होते. त्यांनीही अर्ज आणले होते.

बारसं थाटात झालं. मी एक नाव मनात धरून आलो होतो. बायको म्हणाली, "वेळेवर न आलेल्याला मत नसतं," आणि तिने ठरवलेलंच नाव माझ्या बहिणीने मुलीच्या कानात सांगितलं. पोरगी एवढ्या जोरात रडली की पाळणा म्हणणाऱ्या बायकाही थांबल्या. मला फार बरं वाटलं.

सोहारला परतलो तोवर शपथविधी उरकला होता. ऑर्डरी आल्या नव्हत्या. माझ्या जागी दुसरा फोरमन होता आणि मला पॅकिंगला टाकलं होतं. टीव्हीवर आता पहिले शंभर दिवस सुरू होते.

"थोडं थांबा," साहेब म्हणाले, "तो आत्ता कुठे बसलाय."

"बसू दे. गणपती मात्र आपल्या तारखेला येतात, साहेब," मी म्हणालो आणि गणपतीच्या रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. इतक्या महिन्यांआधी असा अर्ज कुणी दिला नव्हता. त्यांनी तो ठेवून घेतला. फोरमनची जागा मला परत मिळाली नाही, आणि मी ती मागायलाही गेलो नाही.