पुंडलिक पगारे आणि अकरा बायकांचा आवाज

पुंडलिक पगारे याला सरकारी टीव्हीच्या एका निर्मात्यानं फसवलं. आणि पुंडलिकच्या हातून नांदगाव तालुक्यातल्या एका वस्तीतल्या अकरा बायकांना फसवलं. त्या निर्मात्याचं नाव मला पाठ आहे, केंद्राचंही. संपादक म्हणाले, दोन्ही छापता येणार नाही. मी त्यांच्याशी भांडलो आणि हरलो. गावाचं नाव मात्र मी स्वतःच लिहीत नाही, कारण त्या बायकांना अजून तिथंच राहायचं आहे. बाकी सगळं जसं झालं तसं लिहितो. पुंडलिकला जाऊन पाच आठवडे झाले. त्याच्याबद्दल गोड बोलायला माणसं आहेत, शोकसभेत बोललीही. मला ते जमत नाही.

बातमी आली तेव्हा मी गंगापूर रोडच्या माझ्या दुकानात एका जोडप्याला रंगीत टीव्ही दाखवत होतो. पुंडलिकचा मेहुणा दारात चपला काढून उभा राहिला. माझ्या दुकानात कुणी चपला काढत नाही, तेव्हाच काय ते समजलो. "भाऊजी गेले... सकाळी दाढी करता करता," एवढंच म्हणाला. गिऱ्हाईक मला विचारत होतं, यात आवाज कमी-जास्त कुठून करायचा. मी टीव्हीचं बटण बंद केलं आणि त्यांना म्हणालो, उद्या या. ते आले नाहीत. न का येईनात.

आम्ही दोघं विंचूरचे, एका शाळेतले, एका बाकावरचे. मी आठवीत शाळा सोडून बाजारात कांद्याची पोती उचलायला लागलो, मग तोलायला, मग दलालाच्या हाताखाली बोली लावायला, आणि शेवटी नाशकात येऊन आधी रेडिओ, मग टीव्ही विकायला. भाव करणं ही माझी एकुलती एक विद्या. पुंडलिक मला त्यावरून सतत चिडवायचा. "शेठ, तू सरणावर पडल्यावरसुद्धा उठून लाकडाचा भाव करशील." तो मॅट्रिक झाला आणि प्रसिद्धी खात्याच्या गाडीवर प्रोजेक्टर चालवायला लागला. गावोगाव जायचं, पडदा बांधायचा आणि सरकारी फिल्म दाखवायच्या. धरण झालं, बियाणं आलं, सगळीकडं हसरी माणसं. बारा वर्षं त्यानं ते केलं. एकदा मला म्हणाला, "पडद्यावर इतकी माणसं बघितली, पण त्यातलं एकही कधी स्वतःच्या आवाजात बोललं नाही रे. सगळ्यांच्या वतीनं एकच माणूस बोलतो, तो कुठंतरी काचेच्या खोलीत बसलेला असतो."

एक स्टुडिओ बंद पडला, त्याच्या लिलावात मी त्याला सोळा एमएमचा कॅमेरा घेऊन दिला. चावीचा कॅमेरा. अर्धं मिनिट चालायचा आणि थांबायचा, मग पुन्हा चावी. आवाज वेगळ्या टेपवर घ्यायचा. टेपची चारच स्पुलं होती, तीही मीच जुन्या बाजारातून आणलेली, पुसून पुसून वापरायची. एवढ्या सामानावर त्यानं ती फिल्म केली. तिचं नाव त्यानं 'काठ' ठेवलं होतं.

गोष्ट साधी होती. मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर त्या वस्तीतल्या बायकांनी गावासाठी विहीर खणली. दगड फोडला, टोपल्या वाहिल्या, एकीचा हात गेला. पाणी लागलं, पूजा झाली, आणि त्या दिवसापासून त्याच बायकांना विहिरीच्या काठावर चढायची बंदी. खाली हंडा ठेवून उभं राहायचं, वरची कुणी बाई येईल, तिला वाटलं तर ती वरून पाणी ओतेल. बायकांनी तहसीलदाराला अर्ज दिला होता. पुंडलिकला वाटलं, अर्जाला कुणी विचारत नाही, पण हे टीव्हीवर आलं तर विचारावं लागेल. त्यासाठीच त्यानं फिल्म केली. बक्षीसबिक्षीस त्याच्या डोक्यातही नव्हतं.

त्याची एक पद्धत होती. आधी चार दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. बायकांबरोबर बसायचा, भाकरी खायचा, टेप दाखवायचा, त्यांचंच बोलणं त्यांना ऐकवायचा. आणि टेप सुरू झाली की प्रत्येकीनं आधी स्वतःचं नाव सांगायचं, अमक्याची बायको, तमक्याची सून चालणार नाही. मी दोनदा त्याच्याबरोबर गेलो होतो. गयाबाई म्हणून पन्नाशीच्या एक बाई होत्या, वस्तीतल्या सगळ्यांत तिखट. त्या बोलायला लागल्या की कॅमेरा नेमका थांबायचा. पुंडलिक चावी द्यायला वाकला की त्या म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या मशिनीला लयच दम लागतो बाई. तिला इहीर खांदायला लावली असती तर मेली असती." सगळ्या हसायच्या. मग पुंडलिक मान हलवायचा, आणि गयाबाई जिथं थांबल्या होत्या बरोबर तिथून पुढं बोलायच्या. शेवटी शेवटी तर चावी संपत आली की त्या आपणच थांबायला शिकल्या होत्या. निघताना त्यांनी त्याला विचारलं होतं, "आमचं हे असंच्या असं दिसंल ना? कुणी बदलायचं नाय ना?" पुंडलिक म्हणाला, "असंच्या असं. माझा शब्द."

आता माझी चूक लिहितो. फिल्मचं चित्र एका डब्यात असतं आणि आवाज दुसऱ्या डब्यात. लॅबमध्ये दोन्ही एकाच पट्टीवर छापून घेता येतं, मग चित्रापासून आवाज सहजी कुणाला सोडवता येत नाही. पुंडलिकला तशी प्रत हवी होती. मी लॅबवाल्याला विचारलं, टीव्हीवाले दोन वेगळे डबे घेतात का? तो म्हणाला, घेतात. मग कशाला छापायचं? मी पुंडलिकला म्हणालो, जास्तीचा खर्च आहे, वाचव. मला वाटलं मी शहाणपणा केला. टेपवरचा आवाज लॅबमध्ये त्या दुसऱ्या डब्यात उतरवून झाला होता, आणि टेपची स्पुलं तोवर पुसून पुढच्या कामाला लागली होती. म्हणजे त्या अकरा बायकांचा आवाज जगात एकाच डब्यात उरला, आणि तो डबा आम्ही दोघांनी एसटीत मांडीवर घेऊन टीव्ही केंद्रावर नेला.

निर्मातासाहेबांनी चहा दिला, खारी बिस्किटं दिली. फिल्म बघताना डोळेसुद्धा पुसले. म्हणाले, "पगारे, फार सच्चं काम आहे. फक्त आवाज थोडा साफ करावा लागेल, घासतोय." दुपारच्या वेळी दाखवू म्हणाले. तिथं मी मध्ये पडलो. दुपारी कोण बघतं? मी रविवारची संध्याकाळ मागितली. साहेब लगेच हो म्हणाले. बाजारात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं... पहिल्याच बोलीला कुणी हो म्हणालं की हात आखडता घ्यायचा आणि त्याच्या तोंडाकडं नीट बघायचं. मी बघितलं नाही. जिंकलो म्हणून खूश झालो. मग त्यांनी एक कागद पुढं केला, 'तांत्रिक सुधारणा करण्यास हरकत नाही'. पुंडलिक वाचायला लागला. "तांत्रिक म्हणजे नेमकं काय काय, साहेब?" साहेब हसले. "अहो, खरखर काढणं. आम्ही काय तुमचे शत्रू आहोत?" मी पुंडलिकला कोपरानं ढोसलं. "कर ना सही, रविवार जाईल हातचा." त्यानं सही केली.

त्या रविवारी मी दुकानातला टीव्ही टेम्पोत घालून वस्तीत नेला. उंच पाइपावर अँटेना बांधली. विहारासमोर दोन टेबलं जोडून त्यावर टीव्ही ठेवला. बायका न्हाऊन, धुतलेली लुगडी नेसून पुढं बसल्या होत्या. वरच्या गावातली माणसंही येऊन कडेला उभी राहिली. मला तेच हवं होतं, ऐकू दे म्हटलं त्यांनाही. साडेसहाला फिल्म लागली. नाव आलं, 'समृद्धीची विहीर'. मला वाटलं दुसरंच काही लागलं. मग तीच विहीर दिसली, तेच हंडे, आणि एका बाईचा साखरेसारखा आवाज सुरू झाला. श्रमातून संपन्नतेकडं, वगैरे. मग गयाबाईंचा चेहरा पडदाभर आला. ते दृश्य मला तोंडपाठ होतं. त्यात त्या म्हणतात, "खांदून आम्ही दिली, अन् आता वरून पानी वततात, कुत्र्याला वतल्यावानी." गयाबाईंचे ओठ हलत होते आणि तो गोड आवाज म्हणत होता, "गावातील भगिनींच्या चेहऱ्यावर समाधान ओसंडून वाहत आहे."

कडेला उभं असलेलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले. शेवटी पुंडलिकचं नाव आलं, मोठ्या अक्षरात. ते काढलं असतं तर उपकार झाले असते. गयाबाई उठल्या, पुंडलिकसमोर आल्या. "भाऊ, तोंड माझं होतं. बोलनं कुनाचं व्हतं?" त्या म्हणाल्या, "इकलं का तुम्ही?" त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्या पदर सावरत निघून गेल्या, मागोमाग बाकीच्या दहाजणी. मी टीव्ही टेम्पोत चढवला तेव्हा एक गाववाला मला म्हणाला, "शेठ, झ्याक पिच्चर हाय. परत आना." मी त्याच्या अंगावर धावलो, पुंडलिकनं मला कमरेला धरून मागं ओढलं.

पुढं जे झालं ते यापेक्षा वाईट. बायका अर्जाची चौकशी करायला कचेरीत गेल्या तेव्हा तिथले भाऊसाहेब म्हणाले, "कसली तक्रार? टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी बघितलं, तुम्ही तर खुशीत आहात." अर्ज निकाली निघाला. ज्या फिल्मनं त्यांना काठावर चढवायचं, तीच फिल्म दाखवून त्यांना खाली उतरवलं.

मी केंद्रावर गेलो, आरडाओरडा केला, चौकीदारानं दंडाला धरून बाहेर काढलं. पुंडलिक मला म्हणाला, "शेठ, हा कांद्याचा लिलाव नाही. मोठ्यानं ओरडेल त्याचा माल नसतो इथं." तो स्वतः शांतपणे जायचा, बाकड्यावर बसायचा, आवाजाचा डबा परत मागायचा. आधी म्हणाले साहेब मीटिंगमध्ये, मग म्हणाले साहेबांची बदली झाली, बढतीवर. मग म्हणाले, रेकॉर्डमध्ये डबा सापडत नाही. चार वर्षं हेच. या चार वर्षांत त्यानं दुसरी फिल्म केली नाही. मी म्हणायचो, अरे कर, सामान मी आणतो. तो म्हणायचा, "कुणासमोर टेप धरू? आधीच्यांचं देणं राहिलंय." आणि त्या वस्तीत तो पुन्हा गेला नाही. नांदगावला कामानं गेला तरी बाहेरच्या बाहेर परत यायचा. एका भल्या माणसाला त्यांनी तोंड लपवायला लावलं... याचा राग मी कुठं ठेवू?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गयाबाई आल्या. एकट्या, दोन गाड्या बदलून. फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि कोपऱ्यात बसल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. प्रत छापायचा खर्च मी वाचवला, सही मी करायला लावली, पुंडलिकनं काहीही विकलं नव्हतं. त्यांनी फोटोकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मंग त्यांनी सांगितलं का नाय कधी?" मी म्हणालो, सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं. ते त्यानं येऊ दिलं नाही. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुम्ही दोघं येडे, अन् तो टीव्हीवाला लबाड. ते जाऊ द्या आता. आमचा आवाज कुठं हाय, तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. पुंडलिकलाही चार वर्षं हेच सांगता येत नव्हतं.

सगळे गेल्यावर पुंडलिकच्या बायकोनं, शांतावहिनींनी, मला त्याच्या खोलीत नेलं. खिडकीशी त्याचं लिहायचं टेबल, खुर्चीवर उशी, भिंतीला एक खिळा. त्या खिळ्याच्या तारेला रजिस्टर पत्रांच्या पोहोच पावत्या टोचलेल्या, एकावर एक. दर महिन्याला पगार झाला की तो केंद्राला एक पत्र टाकायचा. वहिनी म्हणाल्या, "मी म्हणायचे, कशाला? ते म्हणायचे, पत्र मिळालं एवढं तरी लिहून देतात." प्रत्येक पावतीवर केंद्राचा शिक्का आहे आणि घेणाऱ्याची सही आहे. मी ती तार खिळ्यावरून काढून घरी आणली आहे.

तेव्हा निर्मातासाहेब, हा पेपर तुमच्याही घरी येतो. पत्रं पोहोचली नाहीत असं म्हणायची सोय तुम्हाला नाही, सह्या माझ्याजवळ आहेत. डबा कुठं आहे ते सांगा. पुसला असेल तर कुणी पुसला, कुणाच्या हुकमानं, ते कागदावर लिहून सही करा. आणि तेही जमत नसेल तर एका रविवारी माझ्याबरोबर त्या वस्तीत चला. टेम्पो माझा. त्या अकरा बायका समोर बसतील, आणि तुम्ही उभं राहून त्यांना सांगायचं की त्या तुम्हाला कधी समाधानी दिसल्या. काचेच्या खोलीतून नाही. स्वतःच्या तोंडानं.