‘ले’ शिकायला हिंगणीला

वर्धा स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. हातातल्या पिशवीत एक किलो कंदी पेढे होते आणि बाराखडीची दोन पुस्तकं. पेढे व्याह्यांसाठी, पुस्तकं मीरासाठी.

मीरा माझी नात, सहा वर्षांची. माझी मुलगी मृणाल आणि जावई नितीन आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एका खेड्यात राहतात. तिथल्या शाळेत सगळं शिक्षण आयरिश भाषेतून, म्हणजे तिथल्या गेलिकमधून होतं. तीन वर्षांनी मायलेकी भारतात आल्या होत्या आणि आधी नितीनच्या गावी, हिंगणीला उतरल्या होत्या. मी वाईची. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यातही व्याकरण जास्त. विदर्भात पाऊल ठेवायची ही माझी पहिलीच वेळ.

खरं सांगायचं तर मी जरा धास्तावलेच होते. दर रविवारी मी मीराला फोन करत असे. ती काही बोलली की मी ते सुधारून देई. गेल्या वर्षभरात ती हळूहळू फोनवर येईनाशी झाली. मृणाल म्हणे, खेळतेय, झोपलीय. मीही तेच खरं मानलं होतं.

फलाटावर व्याही आले होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. डोक्याला पांढरा दुपट्टा, पायात रबरी चपला. माझी बॅग त्यांनी हातातून काढूनच घेतली.

“तरास तं नाई झाला ना ताई गाडीत?”

“नाही हो. मीरा कशी आहे? बोलते का?”

“बोलते काय! दिवसभर बोलूनच राह्यते. मले हाबा म्हन्ते. आता गावातले लोकबी मले हाबाच म्हनून राह्यले.” आणि ते इतके मोठ्यानं हसले की शेजारचा हमाल वळून बघायला लागला.

शहर मागे पडलं आणि सेलूच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापूस लागला. वेचणी अर्धी उरकलेली, बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या. मध्येच तुरीचा पट्टा, मध्येच केळीची बाग. आमच्याकडे डोंगर सतत अंगावर असतो. इथे जमीन कुणाची वाट न अडवता लांबपर्यंत पडलेली. हिंगणी जवळ आलं तसं क्षितिजावर बोर धरणाभोवतीच्या जंगलाची निळसर रेघ दिसू लागली. आबांनी बोट दाखवलं, “थे तिकडं धरन. वाघबी हाय. पन आपल्या वावरात नाई येत, भेऊ नका.”

घर वाडीतच, म्हणजे भाजीच्या मळ्यातच होतं. भोवती वांगी, पालक, सांबार (कोथिंबीर) आणि भेदरं (टोमॅटो). मीरा बाजेवर बसून विहीणबाईंना काहीतरी हातवारे करून सांगत होती. मला पाहून ती पळत आली, दोन हातांवर थांबली, आणि आईकडे वळून आयरिशमध्ये भराभर काहीतरी विचारलं. त्यातले शेवटचे दोन शब्द मला ऐकू आले. “ले हाजी?”

“हाजी नाही गं सोन्या,” मी म्हटलं. “आजी. आ-जी.”

तिनं तोंड मिटलं. मृणालनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॅग उचलून आत गेली.

जेवायला गोळाभात होता. मसालेदार डाळीच्या गोळ्यांचा भात आणि वरून कडकडीत फोडणीचं तेल. सोबत वांग्याची भाजी आणि भाकर. विहीणबाईंनी माझ्या पानात इतकं तेल ओतलं की मी हात आडवा धरला, तर म्हणाल्या, “तेलाबिगर घास गयाखाली नाई उतरत ताई.” आबा नातीला विचारत होते, “तुले काय पायजे वं?”

“मले गुय,” मीरा म्हणाली. म्हणजे गूळ.

मी मनाशी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही. पण चौतीस वर्षांची सवय. “मला गूळ हवा, असं म्हणावं.”

मीरानं गुळाचा खडा ताटात ठेवला आणि उठून गेली.  आबा हळूच म्हणाले, “राहू द्या ना ताई. लेकरू हाय.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

दुपारी मृणाल बांधावर बसून सांबार खुडत होती. मी जाऊन शेजारी बसले.

“आई, सकाळी ती काय विचारत होती, ठाऊक आहे?” ती म्हणाली. “‘मी आज आजीजवळ झोपू?’ ले म्हणजे सोबत, जवळ. आणि ले नंतर स्वरानं सुरू होणारं नाव आलं की आयरिशमध्ये मध्ये ह येतो. ले हाजी. ले हाबा. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तू व्याकरण शिकवतेस ना? तो त्या भाषेतला नियम आहे.”

मीही सांबार खुडायला घेतला. संधीचे नियम पाठ करून घेताना मी किती मुलांना उभं केलं असेल! आणि इथे एक सहा वर्षांची मुलगी नियमानं बोलली, तर मी तिला गप्प केलं होतं.

“फोनवरही असंच व्हायचं,” मृणाल म्हणाली. “ती झोपलेली नसायची, आई. तिला यायचंच नसायचं.”

सांबाराच्या देठांचा वास हाताला लागला होता. मी विचारलं, “मग इथे कशी बोलते?”

“आबा मले, तुले, त्याले म्हणतात. तिच्या कानाला ते ओळखीचं वाटलं. आयरिशमध्ये सर्वनाम त्या लेमध्येच मिसळून जातं. ल्युम, माझ्यासोबत. ल्यात, तुझ्यासोबत. लेश, त्याच्यासोबत. मला दूध आवडतं, हेसुद्धा त्याच शब्दानं सांगतात. ‘इस मा ल्युम बान्य.’ माझ्यापाशी दूध चांगलं आहे, असं काहीसं. या दोन ‘ले’चं नातं काही नाही, नुसता योगायोग. पण तिला दार सापडलं. पहिल्याच दिवशी ‘मले दूध आवडते’ म्हणाली आणि आबा अंगणात नाचले.”

त्या रात्री मीरा आबांच्या बाजेजवळ झोपली. 

दुसऱ्या दिवशी सेलूचा बाजार होता. आबांची वांगी आणि पालक घेऊन आम्ही सगळेच गेलो. विहीणबाई दुकान मांडू लागल्या, मी मीराचा हात धरायला गेले तर तिनं तो पाठीमागे नेला. मग मी नुसतीच तिच्या मागून चालले. कुठे मिरच्यांचे ढीग, कुठे बोरं, कुठे नव्या केरसुण्यांच्या जुड्या. माझी नजर मीरावर, खाली बघितलंच नाही. सडक्या भेदरावर पाय पडला आणि मी सरळ एका म्हातारीच्या दुकानात जाऊन बसले. तिच्या भेदरांच्या पाट्या कलंडल्या, माझं पांढरं लुगडं लालभडक झालं.

“आवं माय! लागलं काय वं?” म्हातारीनं मला धरून पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि लुगडं पुसता पुसता विचारलं, “कोनाच्या होय बाई तुमी?”

“मी वाईची,” मी म्हणाले. “सातारा जिल्हा. निवृत्त शिक्षिका आहे.”

“ते नाई इचारलं म्या. कोनाच्या?”

 इथे मला ओळखणारं कोण होतं? माझं नाव, माझी शाळा, माझं गाव, काहीच त्या प्रश्नाला बसत नव्हतं. आणि गुडघा ठणकत होता.

तेवढ्यात मीरा पुढे आली. म्हातारीसमोर उभी राहिली आणि ठणकावून म्हणाली, “इस ल्युमसा ई!” म्हातारीला कळलं नाही असं पाहून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “माही होय हे. माही आजी.”

“असं होय! पोरीची होय,” म्हातारी म्हणाली. तिचं समाधान झालं. भेदरं गोळा करायला तिनं मला हातही लावू दिला नाही.

मृणाल धावत आली होती. मी तिला आधी तेच विचारलं. “ल्युम म्हणजे माझ्यासोबत ना? ती म्हणाली, ही माझ्यासोबत आहे?”

“नाही. तसं असतं तर ‘ता शी ल्युम’ म्हणाली असती. तिथे क्रियापद ता. ही म्हणाली इस. इस आलं की सोबतीचा अर्थ उरत नाही. मग अर्थ एकच, ही माझी आहे.” ती हसली. तिचे डोळे मात्र ओले होते. “तिकडे आमच्या गावात म्हातारी माणसं रस्त्यात पोरांना अडवून हेच विचारतात. के लेश हू? कोणाची गं तू? स्कॉटलंडच्या गेलिकमध्येही जवळजवळ याच शब्दांत विचारतात. मीराला उत्तर द्यायची सवय आहे.”

परत येताना टेम्पोत रिकाम्या पाट्यांमध्ये बसून मीरानं माझ्या गुडघ्यावर फुंकर घातली. रात्री ती माझ्याजवळ झोपली.

पुढचे सहा दिवस भुर्रकन गेले. धरणावर गेलो, पाण्यावर बदकं बघितली, वाघ दिसला नाही. वर्ध्याहून गोरसपाक (तुपातलं बिस्किट) आणला आणि तो चहात बुडवून खायचं मीरानं मला शिकवलं. निघताना आबांनी वांग्यांची पिशवी भरून दिली. “आता येत जाजा ताई,” म्हणाले. “परकं घर नोहे हे.”

गाडीत बसल्यावर मी बराच वेळ विभक्तींचा विचार करत होते. आपल्याकडे सोबत वेगळी, मालकी वेगळी. शी, ला, चा, ची, प्रत्येकाचा खण ठरलेला, आणि मी आयुष्यभर ते खण नीट झाडून ठेवले. एखाद्या भाषेनं जवळ असण्याच्याच शब्दातून आपलं असणं सांगावं, हे मला आधी अव्यवस्थित वाटलं असतं. आता वाटतं, त्या माणसांनी बरोबर ओळखलं होतं. जवळ बसल्याशिवाय कोण कोणाचं होतं?

रविवारी हिंगणीला फोन लावला. मीराच आली. वासरू झालं होतं, त्याचं सगळं तिनं सांगितलं, अर्धं वऱ्हाडीत, अर्धं आयरिशमध्ये. मला एक शब्द समजला नाही, म्हणून मी विचारला. तिनं तो सांगितला, मी म्हटला.

“चूक, आजी,” ती म्हणाली. “परत म्हन.”

मी परत म्हटला.