एस्तेरबाईंची ब्राह्मी

एस्तेरबाई साळवे गेल्या, हे मला आमच्या शाळेच्या शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितलं; आणि त्याच दमात, शोकसभेला कारखान्याचे साहेब येणार आहेत, हेही सांगितलं. पहिल्या बातमीने डोळे भरून यायचे, तोवर दुसरीने पोटातून उमळून आलं. मुलांना धडा वाचत बसायला सांगितलं आणि मी बाहेर रांजणाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं... गेलेल्या माणसाविषयी शांतपणे लिहावं, अशी रीत आहे. माझी किळस अजून उतरलेली नाही, आणि ती बाजूला ठेवून बाईंविषयी लिहायला गेले तर ते खोटं होईल.

श्रीरामपूर-नेवासा रस्त्यालगतच्या आमच्या हायस्कुलात त्या जीवशास्त्र शिकवत, मी मराठी. श्रीरामपूरच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, बिनलग्नाच्या, चाळिशी ओलांडलेल्या. आमच्या खोल्यांची भिंत एक. पहाटे त्या भजनं म्हणत, आणि इतकी बेसूर म्हणत की मी एकदा हळूच सांगून पाहिलं. ऐकणाऱ्याला चालतं, म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी तशाच म्हणू लागल्या. जिभेला धार होती. पोरांना शाबासकी देताना मात्र जीव जाई.

पावसाळा सरला की नववीच्या वर्गाला घेऊन त्या ओढ्याकाठच्या गायरानात जात. तिथली जमीन सखल, बारमाही ओलसर. त्या गवतात नीरब्राह्मी पसरलेली असे. एका वर्षी मीही गेले होते. खळीची साडी नेसलेल्या बाई सरळ चिखलात मांडी घालून बसल्या आणि मुलांनाही बसवलं. ही उभी वाढत नाही, सरपटते, हे त्यांनी बोट फिरवून दाखवलं. देठ मांसल, प्रत्येक पेऱ्याला समोरासमोर दोन जाडसर पानं, आणि पेरं जिथे ओल्या मातीला टेकेल तिथे मूळ फुटलेलं. पानाच्या बगलेतून लांब दांड्यावर एकच फूल, पांढरट जांभळं, पाच पाकळ्यांचं, नखाएवढं. वैदू ज्या गोल पानांच्या मंडूकपर्णीलाही ब्राह्मीच म्हणतात ती वेगळी, हे त्यांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पटवलं. मग प्रत्येकाला एकेक पान चघळायला लावलं. कडूजहर! पोरं थुंकायला लागली, मीही थुंकले, आणि बाई पोट धरून हसल्या. इतकं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढे वरच्या अंगाला एका कारखान्याने मळीपासून मद्यार्क काढायला सुरुवात केली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. उरलेलं पाणी त्यांनी ओढ्यात सोडलं. सडका गूळ आणि नासकी अंडी एकत्र कढत ठेवावीत, तसा तो वास. तो केसांत बसे, पिठात बसे. घास तोंडाशी नेला की आधी वास यायचा. तशात दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरी तळाला गेल्या, प्रवरेत वाळू राहिली, आणि आमचा ओढा तेवढा वाहत होता... काळा, वर तपकिरी फेस घेऊन.

त्या दिवसांत बाई मला गायरानात घेऊन गेल्या. ब्राह्मीचा एक वेल त्यांनी उचलला, तर पेऱ्यापेऱ्याला बुळबुळीत होऊन तो बोटांतच ओघळला. मला ओकारी आली. बाई मात्र हात पुढे धरून बघत राहिल्या. ही वर्षानुवर्षं जगणारी जात आहे, त्या सांगत होत्या. वर सगळं वाळलं आणि मातीत एखादं पेरं जिवंत राहिलं, तरी ओल आली की तिथून पुन्हा फुटते. आता पेरंच कुजलं होतं. शेजारी एक म्हातारा शेतकरी दोन गाई घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बाई, तान्हेली जनावरं हायती, पन ह्या पान्याला त्वांड लावत न्हाईत."

बाई कारखान्यात गेल्या. तिथे त्यांना चहा मिळाला, आणि सगळं तपासलेलं आहे, असं उत्तर मिळालं. सांगणारा नाकाला रुमाल लावून बोलत होता. त्या तहसील कचेरीत जाऊन आल्या. हेडमास्तरांनी बोलावून समजावलं, की शाळेच्या नव्या इमारतीला कारखान्याची देणगी आहे, तेव्हा बाईंनी शिकवण्यावर लक्ष द्यावं.

बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून कारखान्याचे साहेबच आले. गावाच्या प्रगतीवर बोलता बोलता घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी पेल्याकडे हात नेला. पेल्यावरची बशी काढली आणि वास मांडवभर गेला. साहेबांनी पेला झटकन दूर सारला. बाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "साहेब, ते ओढ्याचं पाणी आहे. पिऊ नका, नुसता वास घ्या. आम्ही रोज घेतो."

कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. मीही नाही. साहेब हसले आणि म्हणाले, बाई मोठ्या विनोदी आहेत. हेडमास्तरांनी स्वतः धावत जाऊन दुसरं पाणी आणलं.

मग बाईंची बदली झाली, संस्थेच्या पाथर्डीकडच्या शाळेत. एस.टी.त बसताना त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, की तिकडे निदान वास तरी नसेल. तिकडे त्यांना कावीळ झाली, दुखणं अंगावर काढलं, आणि श्रीरामपूरला दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता.

शोकसभेत साहेबांनी त्यांना निसर्गाची लेक म्हटलं. पेल्याची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, जणू काही बाईंनी आणि त्यांनी मिळून केलेली ती गंमत होती. मग डोळे टिपून जाहीर केलं, की कारखान्याच्या फाटकाशी बाईंच्या नावाने गुलाबांची बाग होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत! माझ्याशेजारी बाईंची धाकटी बहीण रूथ बसली होती, श्रीरामपूरला नर्स आहे. तिने माझं मनगट धरलं, आणि सभा संपेपर्यंत सोडलं नाही.

आठवड्याभराने रूथ आली आणि आपल्याला फाटकाशी जायचं आहे, म्हणाली. दुपारची वेळ होती. गावातल्या बायका टँकरपुढे हंडे घेऊन रांगेत उभ्या, आणि फाटकाशी गुलाबाच्या नव्या रोपांना नळीने स्वच्छ पाणी चाललेलं. तोच वास, आणि त्या वासात ते गुलाब. मी पदर नाकाला लावला. एक रंगारी स्टुलावर उभा राहून पाटी रंगवत होता. ‘एस्तेर साळवे’ एवढं झालं होतं. ‘उद्यान’ व्हायचं होतं.

रूथने त्याला पुसायला सांगितलं. तो घाबरला. "सायब मला इचारतील," म्हणाला.

"सांगा, बहिणीने पुसायला लावलं," रूथ म्हणाली. "माझ्या बहिणीचं नाव ह्या घाणीत राहणार नाही."

तो स्टुलावरून उतरला, आणि रॉकेलचा बोळा तिच्या हातात देऊन बाजूला विडी ओढायला गेला. रूथने चपला काढल्या, स्टुलावर चढली आणि आडनावापासून पुसत आली. रंग ओला होता, लगेच सुटत होता. अर्धं झाल्यावर ती खाली उतरली आणि बोळा माझ्यापुढे धरला. एस्तेर हे नाव मी पुसलं.

घरी येऊन साबणाने हात पुन्हा पुन्हा धुतले, तरी रॉकेलचा वास गेला नाही. संध्याकाळी वारा फिरला आणि ओढ्याची घाण घरात शिरली, तेव्हा मी तेच हात नाकाशी धरून बसले होते.