पाय न उचलणारा दादा

ताम्हिणीच्या अलीकडं आमच्या घरामागं उजाड डोंगर व्हता. तितं झाडं लावून पुन्हा दाट रान केलंय, आन त्या रानाचा एक राखणदार हाय. नाव ठाव न्हाई, आमी दादाच म्हणतो. पावसाळ्यात त्यो पाय उचलतच न्हाई, घासत घासत चालतो, कारण पाचोळ्यात नखाएवढी बेडकं असत्यात. झाडावरची हिरवी, झऱ्यातली, मातीच्या रंगाची, सारी परत आली म्हणून माहेरवाशिणी आल्यागत सांगत बसतो. मला तर बेडूक दिसला तरी अंगावर काटा येतो.

परवा माझ्या दीड वर्साच्या लेकीनं अंगणात फोडाफोडांचा बेडूक उचलला, दादा त्याला भेक म्हणतो, आन त्याच्या पाठीला दातच लावला! मी किंचाळले, भेक हिसकून फेकला, त्याला ठेचायला दगड उचलला. दादा कुंपणाकडनं धावत आला. लेकीला मांडीवर पालथी घेतली, तोंड धुतलं, फडक्यानं हिरड्या पुसल्या.

"दादा, विष चढंल वो तिला!"

"एवढ्याशानं न्हाई चढत. त्यो दगड टाका आधी, वहिनी. त्यो न्हाई चावला, तुमची लेक त्याला चावलीया."

लेक हसून दूध मागंस्तवर त्यो हितंच बसला. मग भेकावर पाणी शिंपडून त्याला पानावर उचललं, सावलीत ठेवलं.

"ह्योबी घाबरलाय, तुमच्यावानी."

भीती अजून गेली न्हाई माझी. पर अंगणात आता मीबी पाय घासतच चालते.